खासदारांच्या दौऱ्यात आपली वस्ती कोठे?

परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावी खासदारांचा दौरा ठरला म्हणजे काय घडते, हे खेड्यात राहणाऱ्या कोणासही नव्याने सांगावयास नको. ग्रामपंचायतीच्या कार्यालयासमोर मांडव पडतो. सरपंच व उपसरपंच पुढे होतात, ग्रामसेवक दप्तर घेऊन उभे राहतात, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि बांधकाम खात्याचे अभियंते तालुक्याच्या गावाहून येतात. हारतुरे आटोपले की गावाच्या मागण्यांचा कागद वाचला जातो. त्यात डांबरी रस्ता असतो, विजेची डीपी असते, शाळेची खोली असते, ओढ्यावरील पूल असतो. खासदार महाशय तो ऐकून घेतात, त्यांचे सहायक कागद आपल्या पिशवीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते की, अमुक गावच्या ग्रामस्थांनी आपल्या अडचणी लोकप्रतिनिधींपुढे मांडल्या.

आता प्रश्न एवढाच की, ज्या ग्रामस्थांनी अडचणी मांडल्या त्यांत गावाच्या कडेला राहणारी आपली माणसे होती काय? त्या कागदावर बौद्ध वस्तीचे एक तरी काम होते काय? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर नकारार्थी येते. मग आपले लोक चडफडतात आणि खासदारांना दोष देतात. हा दोष सर्वस्वी अनाठायी आहे असे माझे म्हणणे नाही. तथापि वकिलीच्या व्यवसायात गावोगावचे कागद पाहिल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, आपली गरज खासदारांच्या मांडवात अडत नाही. ती त्यापूर्वी कित्येक महिने, ग्रामसभेत आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या वहीत अडलेली असते. जे वहीत नाही ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते खासदारांच्या कानी पडत नाही. नवदीक्षित कुटुंबांनी हे वर्म ओळखावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम खासदारांच्या बाजूने विचार करू. परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ : परभणी, गंगाखेड, पूर्णा, पालम, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू व जिंतूर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १८ लक्ष ३६ हजार असून, तिच्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. परभणी लोकसभा मतदारसंघात या जिल्ह्यातील चार विधानसभा क्षेत्रांखेरीज जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी ही दोन क्षेत्रेही येतात. एवढ्या विस्तीर्ण मुलुखातील शेकडो गावांच्या गरजा एका माणसास स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे अशक्य आहे. तो पाहतो ते ग्रामपंचायतीने आणि अधिकाऱ्यांनी त्याच्यापुढे ठेवलेले. शिवाय हा मतदारसंघ राखीव नाही. महाराष्ट्रातील लोकसभेच्या ४८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव अशा जागा केवळ पाच आहेत. सर्वसाधारण मतदारसंघातील प्रतिनिधी गावातील बहुसंख्यांच्या चौकटीतूनच गाव पाहतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला ती चौकट ओलांडावयास लावणे हे आपले काम आहे.

परंतु खासदारांकडून मागावयाचे काय, याविषयीही आपल्यात मोठा गोंधळ आहे. कोणी त्यांच्याकडे सातबाऱ्याची तक्रार घेऊन जातो, कोणी तलाठ्याची बदली मागतो, कोणी ठाण्यातील अंमलदारावर कारवाई मागतो. जमीन, पोलीस व स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे राज्याच्या यादीत आहेत. त्यांसाठी आमदार आहेत, मंत्री आहेत, जिल्हाधिकारी आहेत. केंद्रीय विधिमंडळातील सभासदाच्या हाती मुख्यतः तीन गोष्टी असतात, आणि त्या तिन्ही आपणास अत्यंत उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधी. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. २०११-१२ पासून प्रत्येक खासदारास प्रतिवर्षी ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. मध्यंतरी कोविडच्या साथीमुळे एप्रिल २०२० मध्ये ही योजना स्थगित झाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू करण्यात आली. या निधीच्या नियमांत असे घातलेले आहे की, प्रतिवर्षी किमान १५ टक्के रकमेची कामे अनुसूचित जातींच्या वस्तीच्या क्षेत्रांत आणि साडेसात टक्क्यांची कामे अनुसूचित जमातींच्या क्षेत्रांत सुचविली पाहिजेत. पाच कोटींचे १५ टक्के म्हणजे ७५ लक्ष रुपये. ही रक्कम कोणाच्या कृपेची नाही. ती नियमाने बांधलेली आहे. म्हणून खासदारांपुढे जाताना हात जोडून ‘साहेब, आमच्याकडेही बघा’ असे म्हणण्याचे कारण नाही. ‘१५ टक्क्यांपैकी आमच्या तालुक्यात यंदा कोणती कामे सुचविली?’ असे विनयाने पण स्पष्टपणे विचारावे. हेही ध्यानात ठेवावे की, खासदार काम केवळ सुचवितात. मंजुरी जिल्हा प्रशासन देते. मांडवातील आश्वासन म्हणजे काम नव्हे. शिफारशीचे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचले काय, आणि प्रशासकीय मान्यता निघाली काय, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज गप्प बसू नये. तसेच राज्यसभेवर निवडून गेलेल्या सभासदांना राज्यात कोठेही कामे सुचविता येतात. सबब आपल्या विनंतीस एकच दार आहे असे समजू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे केंद्रीय योजनांवरील देखरेख. २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती असून तिला संक्षेपाने ‘दिशा’ म्हणतात. तिचे अध्यक्ष लोकसभेचे सभासद असतात, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी असतात, आणि तिची सभा दर तिमाहीस व्हावी असा नियम आहे. केंद्राच्या पैशातून होणारी घरकुले, नळयोजना व रस्ते यांचा हिशेब या समितीपुढे येतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनाने ग्रामीण माणसास दररोज माणशी ५५ लिटर पाण्याचे माप ठरविले. गावात टाकी बांधून झाली आणि नळ गावठाणापर्यंत येऊन थांबला, तर कागदावर योजना पूर्ण दिसते आणि आपल्या माउल्यांच्या डोक्यावरील हंडा उतरत नाही. हे सांगावयाची जागा ‘दिशा’ची सभा आहे. २०२२ नंतर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांप्रमाणे परभणी जिल्हा परिषदेवरही दीर्घकाळ प्रशासक होते, त्या काळात निवडून आलेल्या प्रतिनिधीने अधिकाऱ्यांना जाब विचारण्याच्या जागा किती थोड्या उरतात, हे जनतेने अनुभवले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि ती बौद्धांइतकी दुसऱ्या कोणालाही कळावयास नको. राज्यघटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुसूचित जातींच्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतलेल्या लक्षावधी लोकांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने केंद्रीय सवलतींना मुकावे लागले, कारण तो आदेश त्या वेळी हिंदू व शीख यांच्यापुरताच होता. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. परंतु केंद्राच्या नोकऱ्या व केंद्राच्या योजना यांचे दार मुंबईहून उघडणारे नव्हते. ते दिल्लीहूनच उघडावयाचे होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे १९५७ ते १९६२ या काळात लोकसभेचे व पुढे राज्यसभेचे सभासद होते. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना जे मागण्यांचे निवेदन दिले, त्यात भूमिहीनांना पडीक जमीन, शेतमजुरांना किमान वेतन आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती या मागण्या एकत्र होत्या. त्यासाठी ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लक्षावधी स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. तरीही बौद्धांविषयीची दुरुस्ती संसदेत संमत व्हावयास १९९० साल उजाडले. दीक्षेपासून चौतीस वर्षे गेली! एक संपूर्ण पिढी त्या चौतीस वर्षांत वयात आली आणि वयाबाहेर गेली. संसदेतील सभासदाची किंमत काय, हे यावरून समजावे.

यातून ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, दादासाहेबांनी खेड्यातील भूमिहीनाची भाकर आणि दिल्लीतील घटनात्मक दुरुस्ती या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत. त्या निवेदनातील मागणी गैरान कसणाऱ्या माणसाच्या झोपडीतून निघाली होती आणि म्हणूनच तिच्यामागे तुरुंगात जाणारी माणसे होती. आज आपण नेमके उलट करीत आहो. दिल्लीच्या प्रश्नांवर आपण चौकात तासन्‌तास बोलतो, आणि ग्रामसभेच्या दिवशी घरी बसतो.

वरचा कायदा कितीही चांगला असला, तरी खालची संस्था तो कसा निष्फळ करते याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्याचे पाणी कोणास मिळाले? कोणासही नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. आणि लगेच काय झाले? ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे दिवाणी दावा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. कायदे कौन्सिल एक बोलते आणि गावची संस्था दुसरेच करते, हा अनुभव त्या पिढीने दहा वर्षे घेतला. म्हणूनच १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी राखीव प्रतिनिधित्वाशिवाय पंचायतींना अधिकार देण्यास विरोध केला, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा भ्रम त्यांनी निष्ठुरपणे दूर केला.

त्यांनी मागितलेले संरक्षण १९९३ साली ७३ व्या घटनादुरुस्तीने मिळाले. अनुच्छेद २४३-ड प्रमाणे पंचायतीत अनुसूचित जातींच्या जागा राखीव झाल्या, सरपंचपदेही राखीव झाली, आणि महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांसाठी निम्म्या जागा ठेवल्या. जिल्ह्यातील अनेक गावांत आज आपली भगिनी सरपंचाच्या खुर्चीवर आहे. परंतु खुर्ची आपली आणि लेखणी दुसऱ्याची, असे जेथे चालते तेथे राखीव जागेचा उपयोग काय? सरपंचबाई सही करतात आणि मागण्यांचा कागद मात्र गावचे चार प्रतिष्ठित गृहस्थ ठरवितात, हे चित्र आपण बदलले पाहिजे. तिच्या पाठीशी वस्तीने उभे राहिल्याखेरीज एकटी बाई हे करू शकणार नाही.

यासाठी करावयाचे काय? मोर्चा नव्हे, भांडण नव्हे, प्रथम ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे ग्रामसभा भरविणे बंधनकारक आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन व गांधीजयंती या सुमारास त्या भरविण्याचा प्रघात आहे. गणसंख्येसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल ती पुरते. याचा अर्थ असा की, वस्तीतील चाळीस-पन्नास मतदार शिस्तीने एकत्र गेले तर त्या सभेत त्यांचा शब्द दुर्लक्षिता येत नाही. नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे, आणि तिच्या शिफारशी मुख्य सभेपुढे यावयाच्या असतात. पाण्याची व शौचालयाची गरज जिला सर्वांत अधिक ठाऊक, तिनेच तेथे ती मांडावी.

मागणी तोंडी करू नये. ती लेखी द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. मोघम शब्द टाळावे. ‘आमच्या वस्तीचा विकास करा’ या वाक्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. अमक्याच्या घरापासून मुख्य नळवाहिनीपर्यंत इतके मीटर पाइप, इतकी कुटुंबे, इतक्या लांबीचा रस्ता, जागेचा गट क्रमांक अमुक, असे लिहावे. ठराव झाला म्हणजे त्याचा क्रमांक, दिनांक व प्रत मागून घ्यावी. प्रत देण्यास टाळाटाळ झाली, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्काचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही शुल्क नाही, आणि माहिती तीस दिवसांत द्यावयाची असते. त्या ठरावाची प्रत हाती घेऊन खासदारांपुढे उभे राहणारा मनुष्य आणि साधा अर्ज घेऊन उभा राहणारा मनुष्य यांत फार मोठे अंतर आहे. अर्ज एका माणसाचा असतो, तो हरवतो. ठराव गावाचा असतो, त्याला क्रमांक असतो, आणि तो नाकारावयाचा तर कारण द्यावे लागते.

मागण्यांची निवडही विचारपूर्वक व्हावी. पुष्कळ ठिकाणी वस्तीची पहिली मागणी विहाराची असते. तिच्यामागील श्रद्धा मला समजते. परंतु खासदार निधीतून धार्मिक स्थळांची कामे करता येत नाहीत, स्मारके उभारता येत नाहीत, तसेच कामास व्यक्तीचे नावही देता येत नाही. जे नियमात बसत नाही ते मागितले की नकार सहज मिळतो, आणि ‘त्यांचे काम आम्ही घेतले होते, पण नियमात बसले नाही’ असे म्हणावयास सर्वजण मोकळे होतात. विहार आपण आपल्या वर्गणीतून, आपल्या घामाने उभारू; त्यातच त्याची शोभा आहे. सरकारी निधीतून सार्वजनिक सभागृह मागावे, मुलांसाठी अभ्यासिका मागावी, पाण्याची सोय मागावी, स्मशानभूमीचा रस्ता व शेड मागावी. गोदावरीकाठच्या काळ्या चिकणमातीच्या गावांत पावसाळ्यात मयत नेताना चार माणसांचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात, हे ज्यांनी खांदा दिला आहे त्यांना सांगावयास नको. जिवंतपणी माणसाने उपेक्षा सोसली. निदान शेवटची वाट तरी कोरडी असावी, ही मागणी कोणत्या नियमात बसणार नाही?

याशिवाय राज्य शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची योजना आहे, जी पूर्वी दलित वस्ती सुधार योजना म्हणून ओळखली जात असे. ती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत चालते आणि वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे तिच्या अनुदानाची मर्यादा ठरते. घरकुलांसाठी रमाई आवास योजना आहे. भूमिहीनांसाठी २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना असून तिच्यात चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याचे तत्त्व आहे. ही कामे खासदारांकडे नेण्याचे कारण नाही. जे काम ज्याच्या अखत्यारीतले, ते त्याच्याकडेच न्यावे. मात्र वस्तीची संख्या कागदावर बरोबर असणे या सर्वांचा पाया आहे. २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहे. तेव्हा धर्म विचारला असता ‘बौद्ध’ असे निःसंकोच सांगावे, आणि जात विचारली असता आपल्या प्रमाणपत्रावर असलेली अनुसूचित जात सांगावी. धर्म सांगितल्याने १९९० नंतर हक्क जात नाही, आणि हक्कासाठी नोंद दिल्याने दीक्षा मोडत नाही. जो आपणास कायद्याने दिलेला आहे तो आकडा आपणच कमी करून घेणे हा कोणता स्वाभिमान?

गैरान जमिनीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण मराठवाड्यात हा प्रश्न आपल्या पोटाशी निगडित आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी कसलेल्या गैरानाची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. परंतु त्याच निकालात, शासकीय अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनींसारख्या प्रकरणांना अपवाद ठेवला आहे. गावात मात्र निकालाचा पहिला भाग मोठ्याने वाचला जातो आणि दुसरा भाग कोणी वाचत नाही! ज्यांच्याकडे दंडाच्या जुन्या पावत्या आहेत, गाव नमुना १-ई मध्ये नाव आहे, त्यांनी ते कागद जिवापाड जपावेत. हा विषय राज्याचा आहे, हे खरे. परंतु शेतकऱ्यांसाठीच्या केंद्रीय योजना सातबाऱ्यावर चालत असल्याने, जो प्रत्यक्ष कसतो पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही तो त्यांच्याबाहेर राहतो. एवढी बाब खासदारांपुढे अवश्य मांडावी व संसदेत विचारावयास सांगावी.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. गावातील मंडळी म्हणतात, ‘गाव एक आहे; तुम्ही वस्तीचे वेगळे काढून गावात दुही कशाला माजवता?’ दुही कोणी माजविली? ज्या आराखड्याने गावाचा रस्ता वेशीपर्यंत आणला आणि वस्तीपाशी थांबविला, त्या आराखड्यानेच गावाचे दोन भाग केले. रस्ता पुढे नेण्याची मागणी ही ते दोन भाग जोडण्याची मागणी आहे. दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे. ते म्हणतात, ‘त्यांच्या सभेत बोललो तर उद्या कामास कोण बोलावील? दुकानदार उधार देईल काय?’ ही भीती काल्पनिक नाही. मजुरीवर जगणाऱ्या माणसाला शौर्याचे धडे देणे सोपे असते. म्हणूनच मी म्हणतो की, एकट्याने बोलू नये. वस्तीने मिळून लेखी द्यावे. आणि हेही जाणावे की, पाणवठा, रस्ता वा स्मशानभूमी यांच्या वापरास अडथळा करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ही कलमे अधिक स्पष्ट झाली आणि सामाजिक व आर्थिक बहिष्कारही त्यांत आला. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणारा लोकसेवकही शिक्षेस पात्र ठरू शकतो. कायदा हे प्रथम उगारावयाचे शस्त्र नव्हे. परंतु ते आपल्या घरात आहे, हे समोरच्यास ठाऊक असावे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर जे घडले, पोलिसांची धरपकड झाली व न्यायालयीन कोठडीत असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याने सारा देश हादरला. त्या दिवसांत दिल्लीहून व मुंबईहून पुढारी परभणीस आले. ते आले हे योग्यच झाले. परंतु आपल्या वस्तीकडे देशाचे लक्ष जाण्यासाठी आपल्यापैकी कोणी तरी मरावे लागते काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. ज्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीसाठी आपण रस्त्यावर आलो, तिचाच २४३ वा अनुच्छेद ग्रामसभेची व्याख्या करतो. त्या सभेत रिकामी पडलेली आपली जागा हाही त्या घटनेचा एक प्रकारचा अवमानच नव्हे काय?

म्हणून प्रत्येक वस्तीने एक साधा नेम करावा. शिकलेल्या दोघा-तिघा तरुणांनी व एका भगिनीने ग्रामसभेच्या तारखा ध्यानात ठेवाव्या. सभेच्या आदल्या रविवारी वस्तीने एकत्र बसून तीन मागण्या ठरवाव्या, अधिक नकोत. त्या लेखी द्याव्या, ठराव करून घ्यावा, प्रत घरात ठेवावी. पुढील सभेत पहिला प्रश्न मागील ठरावाचे काय झाले हा असावा. असे दोन वर्षे चालले की, खासदारांच्या दौऱ्यापूर्वी ग्रामसेवकच वस्तीत येऊन विचारतील की, ‘तुमचे काय काय घ्यावयाचे?’ त्या दिवशी मांडवात आपण हात जोडून मागे उभे राहणार नाही. वही उघडून पुढे बसू.